अकरावी चिठ्ठी

बुखारेस्ट, १३ नोव्हेंबर

ती. गाव्रीलमामांस,
रुक्सांद्राचा सा. न. वि. वि.

परवा दुपारी सुखरूप पोचले. झाकुस्काच्या चारही बरण्या शाबूत आहेत. एकीचं झाकण वाटेत ढिलं झालं, त्यामुळे माझ्या पुस्तकांना आता भाजलेल्या मिरच्यांचा वास येतो. खोलीतली मैत्रीण म्हणाली, पोचल्याचं फोनवर सांगून टाक की. मी तिला आपल्या घरचा नियम सांगितला, फोन ताप आणि मयतापुरता, बाकी सगळं कागदावर. तिने विचारलं, तुझे मामा कुठल्या शतकातले? मी म्हटलं, रिंदुनिकेच्या.

रविवार डोळ्यांसमोरून हलत नाही. पानाईतकाकांच्या अंगणात मंडळाच्या अकरा जुन्या रिंदुनिका गाड्या ओळीने धुऊनपुसून उभ्या, आणि मधोमध विक्रेत्याने एका दिवसापुरती दिलेली ती नवी कोकोर, लग्नघरात चुकून शिरलेल्या उंच पाहुणीसारखी. रिंदुनिका बंद करून कारखान्याने आपल्याला तिच्या जागी आणलंय, हे त्या बिचारीला ठाऊक तरी असेल का? पानाईतकाकांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि निकाल दिला, की ही आपलीच पोरगी आहे, फक्त उंच टाचांचे बूट घालून आली आहे. तुम्ही हँडब्रेक शोधत होतात आणि विक्रेत्याच्या माणसाने बटण दाखवलं, तेव्हाचा तुमचा चेहरा आठवून मी प्रवासात एकटीच हसले. मामी आली हे फार बरं झालं. इतक्या पुरुषांत माझ्याशिवाय ती एकटी बाई, पण कोकोरमधून धरणापर्यंत जाऊन आली आणि किती दिवसांनी तिच्या गालांवर रंग दिसला.

आता कामाचं. तुम्हाला ठाऊक आहे, मासिकात माझं अजून पक्कं नाही. या महिन्यात कोकोरवरचं पान माझ्याकडे आहे. मी संपादक बाईंना मंडळाचा कौल सांगितला, आठ विरोधात, तीन बाजूने. बाई म्हणाल्या, आकडे कोण वाचतं, मला एखादा माणूस दाखव. तर मामा, चाकाच्या टोपीतल्या मतांच्या चिठ्ठ्यांमधली दोनचार वाक्यं, कुणाचंही नाव न घालता, छापली तर चालेल का? तुम्ही नाही म्हणालात तर नाही. उत्तर लवकर पाठवा.

कारखान्याला पाठवायच्या अर्जावर किती सह्या झाल्या तेही कळवा. आणि एक, माझा करडा कोट तिकडेच राहिला. मामीने तिचा जाड कोट घालायला लावला, त्या गडबडीत विसरले. मामीला सांगा, तो धुवू नको, स्वच्छ आहे.

तुमची माया आहे म्हणून मला या शहरात थंडी कमी वाजते. ती तशीच राहू द्या.

तुमची,
सांदा


कुर्तेआ, २० नोव्हेंबर

चि. सांदास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पाकिटालाही मिरचीचा वास होता. पोस्टमन म्हणाला, जेवण पाठवतात का तुमच्याकडे पोस्टाने?

आधी गाडीचं बोलतो, म्हणजे डोकं शांत होईल. मी पुन्हा सगळा विचार केला. कोकोरचं इंजिन तीन सिलिंडरचं, चालू केलं की शिवणयंत्रावर कुणी परकर शिवतंय असं वाटतं. पुढचा दिवा गेला तर अख्खं नाक उतरवायचं. रिंदुनिकेचा दिवा मी पावसात, एका हाताने, तोंडात सिगरेट ठेवून बदललाय. जादा चाक नाही, त्याऐवजी फेसाचा डबा. फेस दाढीला लावतात, टायरला नव्हे. चाकांभोवती काळं प्लास्टिक, म्हणजे मी डोंगरावर जाते असं लोकांना वाटावं. जाणार कुठे, तर शाळेच्या दारात. रस्त्याची रेघ ओलांडली की ती ओरडते. एवढं ओरडून घ्यायचं असतं तर मी सासुरवाडीला राहिलो नसतो का? एक मान्य करतो, कोबीचं पिंप मागे उभं मावलं. पानाईतने तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा तोंड कडू केलं.

अर्जावर चारशे बारा सह्या झाल्या. रिंदुनिका बनवत राहा, निदान तिचे भाग तरी बनवत राहा, एवढंच मागणं आहे. पहिली सही माझी.

आता तुझा प्रश्न. उत्तर नाही असं आहे. अंगणात आणि धरणाच्या वळणांवर आम्ही घसा ताणून जे बोललो ते खुशाल छाप, उंच टाचा छाप, परकर छाप, नावानिशी छाप. पण चिठ्ठी टोपीत पडली की ती टोपीची. जुन्या चाकाची ती टोपी आपण यासाठीच ठेवली आहे, की माणसाने मित्रांच्या तोंडासमोर जे बोलता येत नाही ते एकदा लिहून टाकावं. वाचायचं, चुलीत घालायचं, विसरायचं. तू नऊ वर्षांची असल्यापासून वाचत्येस, सगळ्यांची अक्षरं ओळखतेस, आणि आजवर तुझ्या तोंडून एक नाव निघालेलं नाही. म्हणून तर वाचायचं काम तुझं आहे. बाईंना सांग, मामा नाही म्हणाले. नोकरी पक्की झाली नाही तर परत ये, पानाईतच्या गॅरेजच्या खड्ड्यात भरपूर जागा आहे.

मामीचा खुबा थंडीने धरलाय. रिंदुनिकेत बसताना फार खाली जावं लागतं, म्हणून देवळातही चालत जाते. मी काही बोलत नाही, तीही बोलत नाही. बरं चाललंय.

जेवत जा. तुझ्यावर जीव आहेच, तो वेगळा लिहायला नको.

गाव्रीलमामा


कुर्तेआ, ९ डिसेंबर

चि. सांदास,
ऑलिंपियामामीचे अनेक आशीर्वाद.

मी लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा पत्र बघून घाबरू नकोस. ताप नाही आणि मयतही नाही.

तुमचं मासिक शुक्रवारी आलं. यांनी दुकानातून पाच प्रती आणल्या, तुझं पान म्हणून. एक पानाईतकडे, एक पाद्रीबाबांकडे पाठवली. मग चष्मा लावून बसले. मी सूप ढवळत होते. मीठ चाखवायला वळले, तर हे पानावरच्या त्या चौकटीकडे बघत होते. तुला माहीतच आहे कुठली. तरी उतरवते.

"सव्वीस वर्षं मी रिंदुनिकेची शपथ घेतली. आज बायको कोकोरमध्ये माझा हात न धरता बसली आणि हसली. गुडघा दुखायला लागल्यापासून पहिल्यांदा हसली. मी विरोधातच मत देणार आहे, अध्यक्षाला दुसरं शोभत नाही. पण गाडी चांगली आहे. देवा, माफ कर."

नाव नाही. पण मंडळाचे अध्यक्ष एकच आहेत, हे, आणि त्या दिवशी बायको घेऊन आलेला माणूसही एकच होता. संध्याकाळपर्यंत गावात झालं. बेकरीत एकाने यांना विचारलं, अध्यक्ष, पाव रिंदुनिकेचा देऊ की कोकोरचा? सतरा जणांनी अर्जावरची सही खोडून मागितली. दुसऱ्या दिवशी पानाईत आला तर यांनी दार उघडलं नाही. मी खिडकीतून बघितलं, तो पायरीवर टोपी हातात घेऊन उभा होता, मग गेला.

हे तुला लिहितील. काय लिहितील ते मला ठाऊक आहे. तू नीट वाच.

थंडी जपून. आमच्याकडे तुझी जागा आहे तशी आहे.

मामी


कुर्तेआ, १५ डिसेंबर

चि. सांदास,
अ. उ. आ.

मामी तुला कळवलंय असं म्हणते, म्हणजे सगळं पुन्हा सांगत नाही. सांगायला तोंडही नाही.

ती चिठ्ठी माझी होती. तू वाचलीस तेव्हा तुला अक्षर कळलंच असेल, पण तुझ्या चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. इतरांसारखीच वाचलीस. त्या क्षणी मला तुझा किती अभिमान वाटला म्हणून सांगू. म्हटलं, पोरीची आई इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली तेव्हा हे पाच वर्षांचं पाखरू माझ्याकडे आलं, शाळेला वर्ष बाकी होतं, घरात मुलांचं पुस्तक नव्हतं म्हणून मी तिला रिंदुनिकेच्या माहितीपुस्तकातून अक्षरं शिकवली. पहिला शब्द क्लच वाचला तिने. काही वाया गेलं नाही.

आता ऐक. हे पानाईतचं काम आहे. लिहिताना बाकावर माझ्या उजवीकडे पानाईत होता आणि डावीकडे भिंत. भिंतीला वाचता येत नाही. चिठ्ठ्या तू माझ्यासमोर चुलीत घातल्यास, तेव्हा नंतर कुणी पाहणं शक्य नाही. आणि पुरावा आहे. मी खुबा लिहिलं होतं, छापलंय गुडघा. म्हणजे ज्याने पाहिलं त्याने चष्म्याशिवाय, तिरक्या मानेने, अर्धवट पाहिलं. पानाईत चष्मा लावत नाही, म्हणे तरुण दिसतो. शिवाय वर्तमानपत्रांना पत्रं लिहायची खोड त्याचीच. एक्केचाळीस वर्षं ओळखतो मी त्याला. लग्नात माझा हात धरून उभा होता. मला तोंडावर शिवी दिली असती तर मी हसलो असतो.

कोणी एक जण मला म्हणाला, भाचीच तिथे कामाला आहे ना. मी त्याला सांगितलं, ती पोर शाळेतून चुकून दुसऱ्याची पेन्सिल घरी आली तर रडत परत नेऊन देणारी आहे, आणि पुन्हा तिचं नाव घेतलंस तर तुझ्या गाडीला मी हात लावणार नाही.

तू तिथे आहेस, तेव्हा एवढं कर. तो मजकूर कुणी आणून दिला ते शोध. मला कागदावर नाव हवंय, म्हणजे मी त्याच्यापुढे ठेवीन.

नाताळला ये. घरात आवाज नाही.

गाव्रीलमामा


बुखारेस्ट, १९ डिसेंबर

ती. मामीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि मामांचं पत्र दोन्ही समोर आहेत. मामांना उत्तर लिहायला चार वेळा बसले. चारही कागद फाडले. तेव्हा तुलाच लिहिते आहे, तू त्यांना काय ते सांग.

नाताळला येणं जमणार नाही. कामावर माणसं कमी आहेत. म्हणजे आहेत कमी, हे खोटं नाही, पण मी मागितली असती तर सुट्टी मिळाली असती. बघ, तुला साधं कारणसुद्धा मला सरळ देता येत नाही.

बाईंना ते पान फार आवडलं. त्या म्हणाल्या, गाड्यांची परीक्षणं मी वीस वर्षं वाचते आहे, त्यात बायको हसली हे पहिल्यांदा वाचलं. जानेवारीपासून माझं पक्कं केलं. मी कुणाला सांगितलं नाही, आईलाही नाही. सगळ्यांनी केक मागितला, मी पोट बिघडलंय म्हटलं.

पानाईतकाका येतात का गं घरी? मामांना म्हण, घाईने काही ठरवू नका. तिरक्या मानेने वाचलं म्हणजे माणूस वाईट होत नाही. नाही, असं नको म्हणू. काहीच नको म्हणू.

माझ्या करड्या कोटाची काळजी करू नकोस. तो तसाच लटकू दे.

तुझ्या हातचा गोड पाव या वर्षी मला पाठवू नकोस. पण मला विसरू नकोस.

सांदा


कुर्तेआ, ४ जानेवारी

चि. सांदास,
नव्या वर्षाचे अनेक आशीर्वाद.

पाव पाठवला आहे. तू नको म्हणालीस म्हणून अक्रोड जास्त घातले.

नाताळ झाला. एकतीस वर्षं पानाईत पहिल्या संध्याकाळी दारात येऊन नाताळची गाणी म्हणतो. आवाज फाटका, पण येतो. यंदा रस्त्याच्या पलीकडे उभा राहून म्हणून गेला. यांनी रेडिओ मोठा केला. मी मागच्या दाराने जाऊन त्याला गरम प्लमची दारू दिली. तो म्हणाला, वहिनी, मी काय केलं एवढं तरी सांगा. मला ठाऊक असून मी गप्प राहिले. हे मी तुझ्यासाठी केलं, आणि मला ते पचलेलं नाही.

कारण कोट मी धुतला. नाताळाआधी घरातलं सगळं धुते, तुला माहीत आहे. आणि खिसे तपासल्याशिवाय मी काही पाण्यात घालत नाही.

चिठ्ठी भांड्यांच्या फडताळात, निळ्या किटलीत आहे. त्यात खुबा लिहिलंय. यांचं अक्षर. मी ती वाचून तिथेच जमिनीवर बसले आणि मग उठता येईना. अडतीस वर्षांच्या संसारात यांनी माझ्याबद्दल कागदावर एवढंच लिहिलंय, आणि ते मला वाण्याच्या दुकानातल्या मासिकातून कळावं? मला राग आला. मग वाटलं, तू ती जाळली असतीस तर कळलंच नसतं. मग परत राग आला. असं चाललंय.

मी यांना सांगणार नाही. मी सांगितलं तर ते माझं सांगणं होईल. पण मी पानाईतला किती दिवस दारामागून दारू देऊ?

लवकर लिही.

मामी


बुखारेस्ट, ११ जानेवारी

ती. गाव्रीलमामांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही नाव मागितलं होतं. नाव रुक्सांद्रा.

पुढचं वाचाल की नाही मला माहीत नाही, पण लिहायला हवं. चुलीत मी दहा चिठ्ठ्या घातल्या. अकरावी मुठीत होती. तुम्ही माझ्यासमोरच उभे होतात, म्हणून मला हात झाकावासुद्धा लागला नाही. माझ्याकडे कोण बघणार?

का ठेवली, याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. एक असं, की तुमच्या हातचं इतकं खरं मी आजवर काही वाचलं नव्हतं आणि मला ते जाळवेना. हे कारण मी स्वतःला खूप दिवस सांगत होते. दुसरं असं, की चिठ्ठी वाचत असतानाच, आवाज न बदलता, माझ्या मनात आलं की बाईंना हाच माणूस हवा आहे. तुम्हाला माझ्या चेहऱ्यावर रेघ हललेली दिसली नाही आणि तुम्हाला अभिमान वाटला. मामा, मी तेव्हा पान रचत होते.

चिठ्ठी कोटात राहिली, पण मला ती पाठ झाली होती. सोळा नोव्हेंबरला मी ती लिहून बाईंना दिली. म्हणजे तेरा तारखेला तुम्हाला परवानगी विचारली आणि उत्तराची वाट पाहिली नाही. तुमचं नाही म्हणणारं पत्र चोवीसला आलं. पान छापायला गेलं सत्तावीसला. मधले तीन दिवस मी रोज बाईंच्या दारापर्यंत गेले. एकदा आत गेले आणि पानावरचा दिव्याचा फोटो उलटा लागलाय एवढंच सांगून आले. या तीन दिवसांसाठी माझ्याकडे एकही कारण नाही, खोटंसुद्धा नाही.

खुब्याचा गुडघा मी केला. वाटलं, एवढा शब्द बदलला की कुणी ओळखणार नाही. अध्यक्ष हा शब्द तसाच राहिला, तो माझ्या लक्षातही आला नाही. बदलण्यासारखं फक्त मामीचं दुखणं वाटलं. आणि तोच शब्द तुम्ही पानाईतकाकांविरुद्ध पुरावा म्हणून धरलात. तुमचं पत्र वाचताना मला कळलं की मी लपायला जी जागा शोधली, तिथे मी त्यांना उभं केलंय. तरी मी तीन आठवडे गप्प बसले. पेन्सिल परत नेऊन देणारी पोर तुम्ही आठवलीत. ती पेन्सिल माझ्याच खिशात होती म्हणून रडले असेन, मामा. या वेळी चोरी तुम्हाला दुसऱ्याच्या खिशात दिसत होती, म्हणून मला ती परत नेऊन द्यावीशी वाटली नाही.

पानाईतकाकांना आजच वेगळं पत्र टाकलंय. त्यात हेच लिहिलं आहे, कमी शब्दांत. बाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, असं सगळेच करतात. मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. पुढच्या अंकात त्या दोन ओळींची दिलगिरी छापणार आहेत, पण त्यात तुमचं किंवा कुणाचंच नाव मी येऊ देणार नाही. माझं पक्कं केलं आहे ते काढून घ्या असं मी म्हणाले, तर त्या हसल्या. त्यामुळे नोकरी आहे. तिच्याकडे बघवत नाही, पण आहे.

माफी मागत नाही, ती तुम्हाला द्यावी लागेल आणि तुमच्यावर आणखी एक काम पडेल. फक्त पानाईतकाकांना दार उघडा. माझ्यासाठी बंद ठेवलंत तरी चालेल.

तुम्ही शिकवलेल्या अक्षरांत,
रुक्सांद्रा


कुर्तेआ, ३ मार्च

चि. सांदास,
अ. उ. आ.

सात आठवडे पत्र नाही म्हणून तू मामीला तीन पत्रं लिहिलीस, ती मी वाचली. मला लिहिता येत नव्हतं. रागात लिहू नये हे तुला मीच शिकवलंय.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते खिशात घालून पानाईतकडे गेलो. त्याने दार उघडलं नाही. बरोबरच केलं. दुसऱ्या दिवशी गेलो, तेव्हा उघडलं. तुझं पत्र त्याच्या हातात होतं आणि नाकावर चष्मा. मला म्हणतो, ये अध्यक्ष, वाचून दाखवू का, आता नीट दिसतं मला. मी उंबऱ्यात तसाच उभा. मी टोपी काढून हातात धरली. मग तो म्हणाला, आलाच आहेस तर हे उचलायला हात लाव, माझी पाठ गेली आहे.

गॅरेजात ताडपत्रीखाली रिंदुनिकेची पुढची सीट होती. खालची चौकट कापून, नव्या पट्ट्या जोडून, चार बोटं उंच केलेली. बाजूला धरायला एक कडी, चामड्यात गुंडाळलेली. नोव्हेंबरच्या त्या रविवारी त्यानेही मामीला हसताना पाहिलं होतं. सोमवारीच कामाला लागला होता. मासिक आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तो आमच्या पायरीवर टोपी हातात घेऊन उभा होता ना, तो सीटचं माप घ्यायला आला होता. मी दार उघडलं नाही, तरी त्याने माप अंदाजाने घेऊन काम पुरं केलं. म्हणे, तुझ्याशी भांडण होतं, वहिनींच्या खुब्याशी नव्हतं.

सांदा, मी तुला सगळं स्वच्छ सांगतो. तू चिठ्ठी चोरलीस, मी नाही म्हणालोय हे ठाऊक असून छापू दिलीस, आणि माझ्या मित्राला माझ्यापुढे चोर होऊ दिलंस. पहिल्या दोन गोष्टी मी दोन दिवसांत गिळल्या. तिसरी अजून घशात आहे. ती तिथे काही काळ राहील, तू पाणी पाजू नकोस.

पण तुझं पत्र वाचताना मला माझंही दिसलं. पानाईतवर संशय घ्यायला मला एक रात्रही लागली नाही. आणि चारशे बारा लोकांना मी ज्या कागदावर सही करायला लावली, त्यावर पहिली सही करताना मी खोटं लिहिलं होतं. तू गुडघा लिहिलास, मी विरोध लिहिला. घराण्याचा गुण म्हणायचा.

परवा एक मार्चला मंडळ जमलं. नेहमीसारखे सगळ्यांनी आपापल्या आरशांना वसंताच्या स्वागताचे लाल-पांढरे दोरे बांधले. मी उठून सांगितलं, चिठ्ठी माझी होती, त्यातला शब्दन् शब्द खरा आहे, अध्यक्ष दुसरा बघा.  मग पानाईत म्हणाला, बाजूने पडलेल्या तीन चिठ्ठ्यांतली एक माझी होती, मागे कोबीचं पिंप मावतं म्हणून. मग आणखी दोघांनी हात वर केले. मग विरोधवाल्यांतल्याही दोघांनी. एकजण म्हणाला, मला ते हँडब्रेकचं बटण आवडलं, घरी सांगू नका. मला अध्यक्षपदावरून कुणी हलू दिलं नाही, शिक्षा म्हणून. अर्ज नवा लिहिलाय. गाडी बनवा असं नाही, फक्त भाग बनवत राहा असं. खोटं नाही त्यात.

मामी उंच सीटवर बसली. हात धरला नाही. हसली का ते मी लिहिणार नाही, तू छापशील.

आता शेवटचं. चिठ्ठ्या यापुढे पानाईतची सून वाचेल. हे मी ठरवलं, मंडळाने नव्हे. तुला वाईट वाटेल हे मला माहीत आहे, मलाही वाटतं, तुझा आवाज त्या गॅरेजात लहानाचा मोठा झाला. पण टोपी तुझ्या हातात पुन्हा देता येणार नाही. टोपीत टाकायला मात्र येऊ शकतेस. इतक्या वर्षांत सगळ्यांची मतं वाचलीस, तुझं स्वतःचं आम्हाला कुणालाच ठाऊक नाही. एक लिही. तुझी मात्र नाव घालून.

ईस्टरला ये. मामी म्हणते कोट इस्त्री करून ठेवलाय आणि खिसे रिकामे आहेत.

जीव आहेच. या वेळी तो लिहायला हवा असं मामी म्हणाली.

गाव्रीलमामा


बुखारेस्ट, ९ मार्च

ती. गाव्रीलमामांस,
सा. न. वि. वि.

ईस्टरला येते. गाडीतून उतरले की आधी पानाईतकाकांकडे जाईन, मग घरी. ते दार उघडेपर्यंत पायरीवर उभी राहीन, ते उभे होते तशी.

वाचायचं काम काढून घेतलंत ते योग्य केलंत. एवढंच लिहायला मला सकाळपासून दुपार झाली.

चिठ्ठी सोबत आहे, घडी घालून. कुणीही वाचावी, जाळू नये.

"मी कोकोर चालवली नाही. मागे बसले होते. मला ती आवडली नाही; खिडक्या लहान आहेत आणि धरण नीट दिसलं नाही. पण पुढच्या सीटवर मामी हसताना दिसली, आणि मी ते नुसतं पाहिलं की विकलं, हे मला चार महिने ठरवता आलं नाही. पाहिलं होतं. विकलंही. रिंदुनिका मला जास्त आवडते, कारण तिच्या माहितीपुस्तकातून मी वाचायला शिकले. रुक्सांद्रा."

तुमच्या मायेची मी आता वाट पाहीन, गृहीत धरणार नाही.

सांदा